आत्मा नाही, मग ‘मी’ कोण?



ज्या घरात नुकतीच धम्मदीक्षा झाली आहे, त्या घरातील माणसांना एक प्रश्न हटकून पडतो, आणि तो बहुधा घरात मृत्यू घडल्यावर पडतो. अकोल्याच्या एका वस्तीत असाच प्रसंग घडला. घरातील कर्ता पुरुष वारला. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला. पुढे पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेंनी परित्राणपाठ केला, त्रिशरण-पंचशील झाले. परंतु बाहेरगावाहून आलेले काही सोयरे कुजबुजू लागले, “पिंड ठेवला नाही, कावळा शिवला नाही, आता त्याच्या आत्म्याचे काय होणार?”

त्या घरचा मुलगा अमरावतीला वैद्यकीय शिक्षण घेतो. तो तडकून म्हणाला, “आत्मा वगैरे काही नसतो. आम्ही मेंदू हातात घेऊन पाहिला आहे. माणूस म्हणजे मेंदूतील रसायने. ‘मी’ हासुद्धा मेंदूने निर्माण केलेला भासच आहे.”

सोयरे गप्प झाले. तेव्हा कोपऱ्यात बसलेली त्याची आजी म्हणाली, “मंग बाबू, माहा लेक होता का नोयता? अन् मी रडून राह्यली, तं कोन रडून राह्यलं?”

त्या मुलाला उत्तर देता आले नाही. वाचकहो, आपल्याला देता येईल काय? आजचा पाठ त्या आजीच्या प्रश्नासाठी आहे.

आत्म्याने आपल्याला काय दिले?

प्रथम सोयऱ्यांच्या मताचा विचार करू. देहाहून वेगळा, कधीही न बदलणारा, एका देहातून निघून दुसऱ्या देहात शिरणारा असा कोणी आत्मा आहे, असे हे मत सांगते. ऐकायला ते दिलाशाचे वाटते. पण या दिलाशाची किंमत कोणी मोजली, ते पाहा. आत्मा जुन्या जन्माचे कर्म बरोबर घेऊन येतो, असे एकदा मानले की जो ज्या घरी जन्मला तो आपल्याच पापपुण्याने जन्मला, असे म्हणायला वाट मोकळी होते. मग गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला सांगता येते की, बाबा, हे तुझेच मागले देणे आहे. तक्रार कोणाविरुद्ध करतोस?

नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा, हा तिचा विषय होता आणि परमपूज्य बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. मंदिराचे ते दार केवळ लाकडाचे नव्हते. पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धांत त्या दारामागे अडसरासारखा बसला होता. १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी हा अडसरच उपसून काढला आहे. गरिबांच्या आणि हीनदीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांमध्ये का आहे, हे यावरून ध्यानात येईल. जो खाणाराच नाही त्याच्यापुढे पिंड ठेवणे निरर्थक आहेच. शिवाय ज्या विचाराने आपल्याला बांधले, त्याच विचाराला ते घातलेले जेवण आहे.

मेंदूचे शास्त्र काय सांगते?

आता त्या मुलाच्या शास्त्राकडे वळू. शास्त्राला भिण्याचे बौद्धाला काहीच कारण नाही. माणसाचा मेंदू सुमारे १.४ किलो वजनाचा असतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. शरीराच्या वजनात त्याचा वाटा अवघा दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यातील वीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा तो एकटा घेतो. या मेंदूला इजा झाली की ‘मी’ बदलतो. याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण रेल्वेच्या मुकादमाचे आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात फिनिअस गेज हा मुकादम सुरुंग ठासत असताना स्फोट झाला आणि मीटरभर लांबीची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला. बोलू लागला, चालू लागला. पण पूर्वी समंजस आणि कामात चोख असलेला हा माणूस आता शिवराळ आणि लहरी झाला. हा पूर्वीचा गेज राहिला नाही, असे त्याचे सोबती म्हणू लागले. पुढे तो बराच सावरला. चिली देशात त्याने अनेक वर्षे घोडागाडी हाकली आणि १८६० मध्ये तो वारला.

दुसरे उदाहरण हेन्री मोलेसन याचे. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील काही भाग काढण्यात आला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत घडलेली गोष्ट त्याच्या मनात टिकत नसे. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. त्याचा हात रोज अधिक सफाईने चाले, पण आपण हे पूर्वी कधी केले आहे याची त्याला रोजच काही आठवण नसे. हात शिकला होता; ज्याला तो ‘मी’ म्हणत होता, त्याला त्याचा पत्ता नव्हता.

तिसरे उदाहरण अधिकच विचार करायला लावणारे आहे. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पूल काही अपस्माराच्या रुग्णांमध्ये कापावा लागला. अशा रुग्णांच्या अभ्यासासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य मायकेल गॅझॅनिगा यांनी एका रुग्णाच्या बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय दाखवला आणि न बोलणाऱ्या उजव्या अर्धगोलाला बर्फाचे चित्र दाखवले. उजव्या अर्धगोलाच्या ताब्यातील हाताने बर्फ उपसण्याचे फावडे निवडले. ‘फावडे का निवडले?’ असे विचारताच रुग्ण बेधडक म्हणाला की, कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागतेच! बोलणाऱ्या भागाला खरे कारण ठाऊक नव्हते. तरी त्याने क्षणात कारण रचले आणि त्यावर विश्वासही ठेवला.

यावरून काय दिसते? आत वाड्यात बसून सर्व कारभार पाहणारा एक मालक आहे, अशी जी आपली समजूत आहे, तसा मालक मेंदूत सापडत नाही. मालक जर देहाहून वेगळा आणि अबाधित असता, तर लोखंडाच्या पहारेने त्याचा स्वभाव का बदलला असता? इतक्या दूर जायलाही नको. मेळघाटातील मोहफुले घ्या. फुलात नशा नसते. ती भिजवली, आंबवली, गाळली की त्यातून नशा उत्पन्न होते. ती दारू पोटात गेली की प्रेमळ बापाचा घटकाभरात राक्षस होतो. ‘मी’ हा देहावर अवलंबून आहे, हे आपल्या वस्तीतील बायकांना कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. पाचवे शील त्याचसाठी आहे.

तथागतांनी काय पाहिले?

हा शोध आपल्याला नवा वाटू नये. सारनाथला पंचवर्गीय भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या उपदेशात भगवान बुद्धांनी माणसाचे पृथक्करण करून दाखवले. रूप म्हणजे देह, वेदना म्हणजे सुखदुःखाचा अनुभव, संज्ञा म्हणजे ओळख, संस्कार म्हणजे मनाच्या घडणी व प्रेरणा, आणि विज्ञान म्हणजे जाणीव. हे पाच स्कंध. यांपैकी प्रत्येक बदलते, प्रत्येक कारणांनी निर्माण होते, आणि यांतले एकही आपल्या हुकमाबरहुकूम चालत नाही. मग यांपैकी कोणत्याला ‘हा माझा आत्मा’ म्हणायचे?

पुढे राजा मिलिंदाला भदंत नागसेनांनी हेच रथाच्या दृष्टांताने पटवून दिले. आपण रथाच्या जागी आपली बंडी घेऊ. जू म्हणजे बंडी काय? नाही. चाक म्हणजे बंडी? नाही. आख, आरे, धाव, साटा, यांपैकी एकही बंडी नाही. आणि हे सर्व बाजूला काढून ठेवले तर मागे ‘बंडी’ नावाची वेगळी वस्तू उरत नाही. तरीसुद्धा बंडी खोटी आहे असे कोणी म्हणतो काय? तिच्यातूनच कापूस बाजारात जातो. ती चिखलात रुतली की बैलांचा घाम निघतो. भाग विशिष्ट रीतीने जोडले गेले की बंडी असते.

बाबासाहेबांनीही जाणिवेविषयी असेच लिहिले आहे. जेथे विद्युत् क्षेत्र असते तेथे त्याच्या सोबत चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, त्याप्रमाणे जेथे देह आहे तेथे त्याच्या सोबत जाणीव उत्पन्न होते, हा त्यांचा दृष्टांत आहे. जाणीव बाहेरून येऊन देहात भाड्याने राहत नाही. जगातील इतर काही बौद्ध परंपरा जाणिवेचा प्रवाह एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जातो असे मानतात. बाबासाहेबांनी तसे मानलेले नाही.

मग ‘सर्व भास आहे’ म्हणावे काय?

येथे आपल्या वैद्यकीयच्या विद्यार्थ्याला वाटेल की तो जिंकला. परंतु तो घाई करीत आहे. बुद्धकाळी अजित केसकंबल नावाचा आचार्य होता. माणूस चार महाभूतांचा बनलेला आहे, मेल्यावर मूर्ख आणि शहाणा दोघेही सारखेच नष्ट होतात, दान देण्यात अर्थ नाही, चांगल्या-वाईट कृत्याला फळ नाही, असे तो शिकवीत असे. महाभूतांपासून आरंभ करून तो नीती नाही या टोकाला पोहोचला. तथागतांनी शाश्वत आत्म्याचा वाद जसा नाकारला, तसा हा उच्छेदवादही नाकारला.

वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारले, आत्मा आहे काय? भगवंत गप्प राहिले. त्याने विचारले, मग आत्मा नाही काय? तेव्हाही भगवंत गप्प राहिले. तो निघून गेल्यावर त्यांनी आनंदाला कारण सांगितले. ‘आहे’ म्हटले असते तर शाश्वतवाद्यांची बाजू घेतल्यासारखे झाले असते. ‘नाही’ म्हटले असते तर उच्छेदवाद्यांची बाजू घेतल्यासारखे झाले असते, आणि आधीच गोंधळलेल्या त्या माणसाला वाटले असते की, पूर्वी माझ्याजवळ ‘मी’ होता, तोही आता गेला. वाचकहो, त्या घरातील आजीची अवस्था हीच झाली होती, आणि मुलाने मौनाऐवजी भाषण केले!

आजचे शास्त्रज्ञही या प्रश्नावर एकमताचे नाहीत. फ्रान्सिस क्रिक यांनी १९९४ मध्ये पुस्तक लिहून मांडले की, तुमची सुखदुःखे, आठवणी आणि तुमचा ‘मी’ म्हणजे मज्जापेशींच्या मोठ्या समूहाचे वर्तन, त्यापलीकडे काही नाही. उलट मेंदूच्याच संशोधनासाठी १९६३ चे नोबेल मिळवलेले जॉन एक्लस यांनी १९७७ मध्ये कार्ल पॉपर यांच्यासह पुस्तक लिहून मेंदूहून वेगळ्या ‘स्व’ची बाजू घेतली. मेंदूतील पेशी कशा पेटतात हे सांगता येते, पण त्यातून दुःख दुःखासारखे का वाटते, हा कठीण प्रश्न डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये मांडला आणि तो अद्याप सुटलेला नाही.

शिवाय ‘भास’ या शब्दात एक खोच आहे. भास होण्यासाठी कोणाला तरी तो व्हावा लागतो. अपमानाने मान खाली गेलेल्या माणसाला ‘तुझा मी हा भास आहे’ असे सांगा. त्याचे दुःख तसूभरही कमी होणार नाही. दुःख आहे, हे तर पहिले आर्यसत्य. चवदार तळ्यावर ज्यांना मार बसला त्यांच्या वेदना भास नव्हत्या. ज्याच्या मालकीचे दुःख आहे असा शाश्वत आत्मा सापडला नाही, म्हणून दुःख खोटे ठरत नाही. ते कोणत्या कारणाने उत्पन्न झाले आणि कसे थांबेल, हा धम्माचा प्रश्न आहे.

कापसाचा दोरा

तर मग ‘मी’ खरा कसा? याचे उत्तर वऱ्हाडच्या शेतात आहे. जिनात सरकी वेगळी करून जो कापूस निघतो, त्याचा एकेक तंतू जेमतेम इंचभर असतो. त्याच कापसाचा दोरा मात्र शेकडो हात लांब निघतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एकही तंतू त्या दोऱ्यात नसतो. तरी दोरा तुटत नाही. का? तंतूंना पीळ आहे, एक संपण्याआधी दुसऱ्याने त्याला धरलेले आहे. आपण लहानपणापासून म्हातारपणापर्यंत एकच माणूस असतो, तो असाच. आठवणी, सवयी, नाती, दिलेले शब्द यांचा पीळ आपल्याला धरून ठेवतो. अखंड तंतू शोधणारा म्हणतो आत्मा आहे. तो सापडत नाही म्हणून दुसरा म्हणतो, दोराच नाही. धम्म म्हणतो, दोरा आहे; पीळ पाहा.

आणि जे जोडलेले आहे, ते पुन्हा नीट जोडता येते. आत्मा जर न बदलणारा असता तर दीक्षेला काय अर्थ उरला असता? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांमध्ये आपला नवा जन्म होत आहे, अशा अर्थाची प्रतिज्ञा आहे. मरणाची वाट न पाहता याच देहात, याच आयुष्यात होणारा हा जन्म आहे. तो शक्य आहे, कारण माणूस घडवलेला आहे. मेंदूचे शास्त्रही येथे आपल्या बाजूने साक्ष देते. २००० साली एलिनॉर मॅग्वायर यांनी लंडनच्या टॅक्सीचालकांचे मेंदू तपासले. हजारो रस्ते पाठ करणाऱ्या या चालकांच्या मेंदूतील वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा मागचा हिस्सा इतरांहून मोठा आढळला, आणि जितकी वर्षे अधिक गाडी चालवली तितका तो अधिक मोठा होता. रोजचा सराव मेंदूवर ठसा उमटवतो. मग रोज पाळलेले शील कसे फुकट जाईल?

कोणी म्हणेल, मेंदू आधीच ठरवतो, आपण नुसते पाहतो. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी दाखवले की, आपल्या मर्जीने हात हलवण्यापूर्वी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत हालचाल सुरू होते आणि ‘मी हात हलवतो’ ही जाणीव त्यानंतर येते. या प्रयोगाच्या अर्थाविषयी पुढे वाद झाले. २०१२ मध्ये त्याचा निराळा उलगडाही मांडला गेला. पण स्वतः लिबेट यांचे म्हणणे होते की, उठलेली ऊर्मी शेवटच्या क्षणी थोपवण्यास वाव उरतो. आपली पाचही शिले कशी रचली आहेत, ते आठवा. प्रत्येकात ‘वेरमणी’ आहे, म्हणजे अलिप्त राहणे, थांबणे. राग उठेल, लोभ उठेल. तो हातापर्यंत पोहोचू न देणे, हे शिक्षण आपण घेतो. धम्मपदात ‘अत्तवग्ग’ नावाचा एक संपूर्ण वर्ग आहे आणि माणूस आपणच आपला आधार आहे, असा बोध त्यात आहे. अनात्म सांगणाऱ्या धम्मात हे कसे, असे नवदीक्षितांना वाटते. आता वाटू नये. आपल्याला सावरणारा दुसरा कोणी नाही, म्हणून आपणच आपल्याला घडवावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आजीला काय सांगावे?

त्या मुलाने आजीजवळ बसून असे सांगावे: आजी, तुझा लेक होता. तू त्याला जन्म दिलास, कष्टाने वाढवलेस, शाळेत पाठवलेस. त्याने आम्हाला शिकवले. तो कोठे भटकत नाही, त्याला भूक लागलेली नाही, कावळ्याची वाट पाहायला तो थांबलेला नाही. त्याच्या देहाची भूते भूतांना मिळाली. पण त्याने लावलेले वळण आमच्यात आहे, त्याच्या दोऱ्याला आमचा पीळ बसला आहे. आणि तू रडतेस ते खरे आहे. तुझे रडणे रसायन आहे म्हणून खोटे ठरत नाही, जसे दूध म्हणजे पाणी आणि स्निग्धांश आहे म्हणून आईचे दूध खोटे ठरत नाही.

एवढे सांगून त्याने पिंडाच्या खर्चातून एखाद्या गरजू मुलाची पुस्तके घेऊन द्यावीत. मृताच्या नावाने केलेले ते दान जिवंत माणसापर्यंत पोहोचते.

या पंधरवड्यात घरातील सर्वांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलावे. लहानांना आधी बोलू द्यावे.

१. दीक्षेपूर्वीचा मी आणि आजचा मी यांत काय बदलले? काय तसेच राहिले?

२. ‘हे नशिबातच होते’ असे आपण घरात अजून कोणत्या गोष्टींविषयी म्हणतो? त्यांची खरी कारणे कोणती?

३. आपल्या दोऱ्यात कोणाकोणाचा पीळ आहे? आणि आपण कोणाच्या दोऱ्याला पीळ देत आहोत?

नमो बुद्धाय. जयभीम.